पाखऱ्याला बडवलं त्या आठवड्यात

"पोरी, आत हो," अण्णा म्हणाले.

मी आत झाले. म्हणजे पेंडीची पोती ठेवतात त्या खोलीत झाले, जिची खिडकी बरोबर गोठ्यासमोर उघडते. 'आत' म्हणजे नेमकं कुठे, हे अण्णांनी सांगितलं नव्हतं. त्यात माझा काय दोष?

गोठ्यासमोर पाखऱ्याला आडवा पाडला होता. पाखऱ्या आमचा खिलार खोंड. खडूसारखा पांढरा, वशिंड ताठ, डुरकला की वस्तीवरची कुत्री गप्प व्हायची. महिन्याभरात त्याने दोनदा दावं तोडलं, शेजारच्या डाळिंबाच्या बागेत शिरून ठिबकच्या नळ्या उपसल्या आणि शेवटी अण्णांच्या मांडीला शिंग लावलं. तेव्हा ठरलं, बडवायचा. बडवला की खोंडाचा बैल होतो आणि मान खाली घालून औताला चालतो.

आता आमच्याकडे रीत अशी, की खोंड बडवताना बाईमाणसाने तिथे थांबायचं नाही. का, असं विचारलं तर उत्तर नाही. गाय अडली की वासराचे पाय धरून ओढायला माझी आई लागते, तेव्हा कुणाला काही वाटत नाही. गाईचं सगळं आम्ही निस्तरायचं, बैलाचं मात्र झाकून ठेवायचं! शाळेतही तेच. मी तेव्हा दहावीत होते. विज्ञानाच्या सरांनी स्त्रीच्या प्रजनन संस्थेची आकृती फळ्यावर रंगीत खडूने काढली, गर्भाशयाला गुलाबी रंग दिला, आणि पान उलटून म्हणाले, "पुरुषाची घरी बघा. सोपी आहे." सोपी होती तर काढायची होती ना!

मी घरी बघितली होती. इतक्यांदा बघितली होती की डोळे मिटून काढली असती. त्याला कारण होतं, ते सांगतेच.

गुरांचा डॉक्टर तालुक्याहून आला होता, नवाच होता बिचारा. त्याच्या हातात लांब दांड्यांचा चिमटा. कातडी कापायची नाही, वरूनच दाबायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाखऱ्याची शिंगं धरली होती. चिमटा मिटला. पाखऱ्या डुरकला नाही. नाकातून एक लांब फुसकारा टाकला, बस्स. पण आबांनी तोंड फिरवलं. विंचू चावला तरी 'आई गं' न म्हणणारे माझे आबा, त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

मला राहवलं नाही. मी बाहेर आले.

"डॉक्टर, चिमट्यात नेमकं काय काय सापडतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाखऱ्यासुद्धा.

"नस," डॉक्टर खोकला.

"कुठली? रक्ताची का बीजाची?"

"दोन्ही. सगळंच." तो चिमट्याशी बोलत होता, माझ्याशी नाही. "रक्त पोचत नाही, मग वृषण वाळून जातात."

"फक्त बीजाची नळी दाबली आणि रक्ताची सोडली तर?"

"तर मग… खोंड खोंडच राहील की. मस्ती तशीच. नुसतं वासरू होणार नाही."

"आबा, ऐकलंत?" मी म्हणाले.

आबांनी ऐकलं नसल्यासारखं दोर सोडायला घेतला. अण्णा मात्र डॉक्टरकडे वळले. "सायेब, हिचं मनावर घिऊ नका. धाव्वीत घातल्यापासनं डोकं फिरलंय हिचं." आणि मला, "हर्षे, आत हो म्हणलं न्हवं?"

अण्णा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. घर त्यांच्या शब्दावर चालायचं. दर जत्रेला देवळापुढची दगडी गोटी खांद्यावर उचलायचे, पंचक्रोशीत नाव होतं. त्यांच्या बायकोला आम्ही मोठ्याई म्हणतो. माझा धाकटा भाऊ आश्रमशाळेत, अण्णांचे दोन्ही मुलगे पुण्याला कंपनीत. घरात उरलो आम्ही पाच जण.

जाताना डॉक्टर म्हणाला, "महिनाभर गाईत सोडू नका. आधीचं बीज नळीत शिल्लक असतंय." हे सगळ्यांना माहीत होतं. बैलाच्या नळीत काय शिल्लक असतं ते आमच्या वस्तीवरच्या प्रत्येक माणसाला पाठ आहे. स्वतःच्या नळीचं नाव मात्र एकालाही सांगता येणार नाही.

शुक्रवाहिनी. नाव आहे तिला.

*

आता कारण सांगते. त्याच्या आठ दिवस आधी मी आई-आबांबरोबर सांगलीला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. आईला लहानपणी सांधेताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली. हे कळलं कधी, तर दिवाळीच्या आधी तिला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा. पाय सुजले, धाप लागायला लागली, आडवं झालं की गुदमरायची, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. तिसऱ्या महिन्यात मूल पडलं आणि आई कशीबशी वाचली. तांबी बसवून बघितली, तर अंगावरून इतकं जायला लागलं की काढावी लागली.

डॉक्टरीणबाई आबांना म्हणाल्या, "परत दिवस गेले तर मी काही सांगू शकत नाही. आणि यांचं ऑपरेशन पोटातून करावं लागतं, भूल द्यावी लागते. आत्ता या झडपेला ते झेपणार नाही. तुमचं करून घ्या. तिथलीच जागा बधिर करतात, दोन बाजूंच्या दोन नळ्या बांधतात, संध्याकाळी चालत घरी."

आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. जणू आज कुठला सण आहे ते महत्त्वाचं होतं.

उत्तर आईनेच दिलं. "ह्यांचं नगं. त्यांना कष्टाची कामं असत्यात."

आणि तू काय करतेस मग, झोपाळ्यावर बसतेस? डोक्यावर वैरणीचा भारा, कमरेवर पाण्याची घागर, ते कष्ट नाहीत? पण एसटीत मी हे बोलू शकले नाही. आई खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिच्या मानेवरची शीर उडत होती. मी सांगलीपासून आटपाडीपर्यंत ती शीरच बघत आले.

म्हणून मी पुस्तकातलं ते पान काढलं. सर जे 'घरी बघा' म्हणाले होते, ते.

*

पाखऱ्याला बडवलं त्याच दिवशी संध्याकाळी चुलीपाशी आई मोठ्याईला विचारत होती. मी भाकरीचं पीठ चाळत होते.

"आक्का, तुमचं झालंय तवा इचारते. लई दुखतं का वो?"

अण्णांचा धाकटा मुलगा झाल्यावर मोठ्याईचं ऑपरेशन झालं होतं, हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. मोठ्याईने तव्यावरची भाकरी उलटली. ती भाजली नव्हती, तरी उलटली.

"इसरले बघ," ती म्हणाली.

"भूल कुठं देत्यात? पाठीत?"

"लई वर्सं झाली गं. कशाला इचारतीस?"

"बेस्तरवारी जायाचं हाय न्हवं," आई म्हणाली.

मी चाळण ठेवली. "कुठे जायचंय गुरुवारी?"

उत्तर उंबऱ्यातून आलं. अण्णा हात धुवून जेवायला येत होते. "शिबिर हाय. बायांच्या आप्रीशनचं. जीप सांगितलीया. सकाळी जाती, सांजच्याला परत."

"पण डॉक्टर नको म्हणाल्यात! झडपेला झेपणार नाही म्हणाल्यात!"

"मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर सगळ्यालाच नगं म्हणत्यात. हितं चिक्कार बाया असत्यात, कोण कुणाला इचारत बसतंय? शालन, तू फकस्त झडपेचं तोंडातनं काढू नगंस."

शालन म्हणजे माझी आई. तिने पदर पुढे ओढला आणि मान हलवली.

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग मी आबांकडे बघितलं. ते ताटाकडे बघत होते. म्हणजे बरोबरच ऐकलं होतं. एका धडधाकट माणसाच्या दोन नळ्या बांधायच्या नाहीत म्हणून एका आजारी बाईने डॉक्टरशी खोटं बोलून टेबलावर झोपायचं. आणि हे सगळं भाकरी मोडता मोडता ठरत होतं, पोळ्याला बैलाच्या शिंगांना कुठला रंग द्यायचा ते ठरवावं तसं.

"आणि तिला काही झालं तर?"

"हर्षे, गप," आई म्हणाली. "बापाला खाली बघाया लावशील व्हय?"

आबा खालीच तर बघत होते!

*

बुधवारी संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी गोठ्यात गेले, तर आबा पाखऱ्याजवळ बसून खराट्याच्या काड्यांनी माश्या हाकत होते. पाखऱ्या मागचे पाय फाकवून उभा होता. सूज आली होती.

मी समोरच्या दगडावर बसले. विज्ञानाचं पुस्तक मांडीवर होतं, पण उघडलं नाही. बापाशी या विषयावर कसं बोलतात, हे कुठल्याच इयत्तेत शिकवलेलं नसतं. माझे कान तापले होते. आबांचेही लाल दिसत होते, पण ते मावळतीचं ऊनही असेल.

शेवटी आबाच म्हणाले, पाखऱ्याकडे बघत, "समज, ह्येची नुसती नळीच बांधली आस्ती तर?"

मी पण पाखऱ्याकडे बघूनच उत्तर दिलं. "तर पाखऱ्या पाखऱ्याच राहिला असता. डुरकला असता, दावं तोडलं असतं, अण्णांना शिंग लावलं असतं."

आबांच्या मिशीत काहीतरी हललं. "ती ताकद येती कुठनं मग?"

मी काटकी उचलून मातीत दोन गोळे काढले. "हे वृषण. यांची कामं दोन. एक, बीज तयार करायचं, शुक्रपेशी. अंगातली ऊब त्यांना जास्त होते, म्हणून देवाने ते अंगाबाहेर, पिशवीत ठेवलेत. दुसरं काम, रस तयार करायचा. मिशा फुटतात, आवाज फुटतो, हाडामासाला बळ येतं, ते त्या रसाने. बीज जातं नळीतून. पण रस नळीतून जात नाही आबा, तो रक्तातून जातो. चिमट्याने रक्ताची वाटच चिरडतात, म्हणून पाखऱ्याचं सगळंच वाळणार. ऑपरेशनमध्ये रक्ताच्या वाटेला हातसुद्धा लावत नाहीत."

आबा मातीतल्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी जे विचारलं, ते ऐकून मला कळलं की माणूस रात्र रात्र कशाने जागा होता.

"आन तुंबलं म्हंजी?"

"काय तुंबलं?"

"आगं, मोटर चालू आन वाल बंद. नळी फुटती की. गेल्या साली आपल्याच बागंत फुटली न्हवं? तसं आतल्या आत फुटलं तर?"

मला हसू आलं नाही. खरंच नाही आलं. सबंध बाग स्वतःच्या हाताने ठिबकवर नेलेला माणूस तो, त्याला तेच सुचणार. गावात पुरुषाने ऑपरेशनचं नाव काढलं की सगळे 'बैल होशील' म्हणून घाबरवायचे, आणि माझे आबा आतल्या आत पाइप फुटेल म्हणून घाबरले होते. आणि त्यांनी विचारायचं कुणाला?

मी पुस्तक उघडलं. "हे बघा. बाहेर जे येतं, त्यातलं बहुतेक सगळं पाणी या पुढच्या ग्रंथींचं असतं. शुक्राशय, आणि ही पुरस्थ ग्रंथी. त्या बांधलेल्या जागेच्या पुढे आहेत. वृषणातून येतं ते अगदी थोडं, तांब्याभर पाण्यात चिमूटभर मीठ तेवढं. ती चिमूट आत अडकली तर अंगातच जिरते. तुंबत नाही."

"जिरतंय?"

"जिरतंय."

आबांनी बोटाने मातीतली नळी एका जागी पुसली आणि पुढची ग्रंथी तशीच ठेवली. बराच वेळ बघितलं. मग तळहाताने सगळं चित्र पुसून टाकलं, कारण अण्णा वैरण घेऊन येत होते.

*

गुरुवारी सकाळी जीप दारात आली तेव्हा आई तयार होती. ठेवणीतली साडी, हातात पिशवी, पिशवीत टॉवेल आणि डबा. मला वाटलं होतं, आबा रात्रीतून काहीतरी बोलले असतील. आबा जीपच्या मागच्या चाकापाशी उभे होते आणि चप्पलने खडा ढकलत होते.

मी जाऊन जीपच्या पुढे उभी राहिले. बोनेटला पाठ लावून.

"आई गेली तर मी पण जाणार. आणि तिथे माइक असतो ना? त्या माइकवर सांगणार, माझ्या आईची झडप खराब आहे."

ड्रायव्हर हसला. अण्णा हसले नाहीत, आबांना म्हणाले, "भारत, पोरीला आवर."

"आबा, बोला की! काल तुम्हाला सगळं कळलं होतं."

"काय कळलं?" अण्णांनी विचारलं.

आबा हळू आवाजात म्हणाले, "बडवत न्हाईत, आण्णा. नुसती नळी बांधत्यात. ताकद रग्तातनं येती."

आता मात्र अण्णा हसले. ड्रायव्हरला ऐकू जाईल असं हसले. "वा रं वा! पोरगी मास्तर आन बाप इद्यार्थी! जा की, ये करून. उद्यापासनं पाखऱ्याशेजारी दावणीला उभा ऱ्हा, तुला पण वैरण टाकतो. आन जत्रंत गोटीपशी जाऊ नगंस हां. लोकं म्हणतील, सरका, बैल आला."

आबांची मान खाली गेली. मी ती जाताना बघितली. काल गोठ्यात वर आलेली मान होती ती, एका हसण्याने परत खाली गेली.

"मिटवा वो सगळं," आई म्हणाली. "मी जाते." तिने जीपच्या पायरीवर पाय ठेवला, वर चढायला दांडी धरली आणि तिथेच थांबली. एक पायरी, एवढ्याने तिला धाप लागली होती. ती दांडीला डोकं टेकून श्वास गोळा करत होती. मानेवरची ती शीर उडत होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "शालन, खाली उतर."

मोठ्याई दारात उभी होती. कोपरापर्यंत पीठ. मोठ्याई पुरुषांच्या मध्ये कधी बोलत नसे, इतकी की तिचा मोठा आवाज कसा असतो ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आक्का, असू द्या…"

"उतर म्हणते न्हवं. परवा तू इचारलंस, लई दुखतं का. मी म्हणलं, इसरले. इसरले न्हाई. मला म्हाईतच न्हाई, तर सांगू काय?"

"ए, आत हो," अण्णा म्हणाले. आवाज बदलला होता.

"न्हाई होत." मोठ्याई पायरी उतरून अंगणात आली. "माझं आप्रीशन झालंयच कुठं? झालंय ते ह्यांचं. धाकट्याच्या टायमाला मी मरता मरता ऱ्हायले. हे पुण्याला हमाली करत हुते. तिथल्या डाक्टरानं समजावलं आन ह्यांनी करून घेतलं. घरी आलं आन मला म्हणलं, कुणी इचारलं तर तुझं झालंय म्हण. म्हणत आले. सासू मेली, तिलाबी तेच सांगितलं. आन हे दर जत्रंला गोटी उचलत्यात. कोण उचलतंय ती? बैल?"

ड्रायव्हरने उगाच आरसा पुसायला घेतला.

सगळ्यांना वाटेल, मला तेव्हा आनंद झाला असेल. माझी बाजू खरी ठरली होती, जिवंत पुरावा अंगणात उभा होता, धोतर नेसून. पण मला आनंद बिनंद काही झाला नाही. मला इतका राग आला की दातावर दात बसले. अण्णांना माहीत होतं! मी मातीत आकृत्या काढत होते, सरांनी न शिकवलेलं पान पाठ करत होते, आणि या माणसाला ते सगळं स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. दुखत नाही हे माहीत होतं. ताकद जात नाही हे माहीत होतं. पाइप फुटत नाही हेही. आबांना फक्त एवढंच सांगायचं होतं, 'भारत, काही होत नाही रं.' एक वाक्य. त्याऐवजी त्यांनी आईला सांगितलं, झडपेचं तोंडातून काढू नकोस.

मी हे ओरडून सांगणार होते. पण माझ्याआधी आबा बोलले, आणि ते ओरडले नाहीत.

"आण्णा, तुला म्हाईत हुतं. आन तू शालनला जीपीत बसीवलीस?"

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. "लोकं काय…"

"लोकं न्हाईत हितं. मी हाय."

अण्णांच्या खांद्यांकडे मी बघत होते. गोटी उचलणारे ते खांदे, आता त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नसल्यासारखे दिसले. "मला वाटलं," ते म्हणाले, "हिचंबी निभावंल."

आईचं निभावेल! मी बोनेटवर मूठ आपटली, ड्रायव्हर 'ए पोरी' म्हणाला.

आबांनी आईचा हात धरून तिला खाली उतरवलं. सगळ्यांसमोर हात धरला, हेही मी पहिल्यांदाच बघितलं. पिशवीतला डबा काढून माझ्याकडे दिला, पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"चल," ते अण्णांना म्हणाले. "तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी करू. कवा करत्यात, काय खाऊन जायाचं, समदं इचारू. तुला म्हाईतच हाय, तर तूच बोल डाक्टराशी."

अण्णा जीपमध्ये बसले. मागच्या बाकावर, कोपऱ्यात.

*

ऑपरेशन पुढच्या सोमवारी झालं. संध्याकाळी आबा चालत घरी आले, आणि मग बाजेवर पडले ते दोन दिवस उठले नाहीत. शिरा हवा, उशी हवी, पंखा इकडे फिरव. आई पळत होती. मूल पडल्यावर हीच आई आठवड्याच्या आत शेण काढायला गेली होती, तेव्हा शिरा कुणी केला होता? मी हे बोलले. आबा म्हणाले, "बराबर हाय तुझं," आणि शिरा खात राहिले. दवाखान्यात सांगितलं होतं, तीन महिने जपून राहा, मग तपासणी करा, आधीचं बीज नळीत शिल्लक असतं. हे मात्र आबांना समजावून सांगावं लागलं नाही. पाखऱ्यामुळे माहीत होतं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी शिरेतून फुगा घालून आईची झडप उघडली. आता ती पायऱ्या चढते आणि मला ओरडायला तिच्याकडे भरपूर श्वास असतो. मी बारावीला आहे, विज्ञान शाखेला. अण्णांशी बोलते, पण मोजकं. त्यांनी मला काही केलं नाही, हे खरं. त्यांनी काहीच केलं नाही, हाच तर माझा राग आहे.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशननंतरच्या आठवड्यातलं. वस्तीवरचा सुबराव पाखऱ्याला बघायला आला होता. आबा अंगणात बाजेवर, अण्णा कठड्यावर, आई उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली. पाखऱ्याची सूज उतरली होती. सुबराव त्याच्याभोवती फिरला, पाठीवर थाप मारली.

"ग्वाड झालं. आता औताला चालंल." मग आईकडे न बघता, आईबद्दल, "आन वयनींचं आप्रीशन झालं म्हणं?"

"व्हय," आई म्हणाली. लगेच म्हणाली. शेंग फोडायची थांबलीसुद्धा नाही.

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली. परत तेच! मोठ्याईने आयुष्यभर सांगितलं, आता आई सांगणार, आणि तिची सून आली की ती सांगणार. मी तोंड उघडलं.

"तिचं न्हाई," आबा म्हणाले. "माझं झालंय."

सुबरावने आबांकडे बघितलं. मग पाखऱ्याकडे बघितलं. मग परत आबांकडे.

"म्हंजी, भारत, तू…"

"म्हंजी काय? त्येला बडवलंय. मला बडवलं न्हाई." आबा बाजेवरून उठले. "त्येची रग्ताची वाट तोडलीया, माझी नुसती नळी बांधलीया. लई फरक हाय त्यात. बस हितं, सांगतो."

अण्णा कठड्यावरून उठायला लागले. आतून मोठ्याईचा आवाज आला, "बसा की वो. कुटं चाललाय? तुमालाबी कोणतरी इचारंल."

अण्णा बसले.

आबांनी माझ्याकडे हात केला. मी काटकी दिली. ते उकिडवे बसले, सुबराव त्यांच्यासमोर उकिडवा बसला, आणि आबांनी मातीत दोन गोळे काढले. एक वाकडा आला. मग त्यातून दोन नळ्या, मग पुढची ग्रंथी, आणि प्रत्येक रेघेला ते मान वर करून सुबरावकडे बघत होते, समजतंय ना म्हणून.

शुक्राशय काढायचं ते विसरले. मी काही बोलले नाही.

"आन तुंबलं म्हंजी?" सुबरावने विचारलं.

"जिरतंय," आबा म्हणाले.